जुनी गाडी कानानं घ्यावी



जुनी मोटार विकत घेण्यापूर्वी तिचे आवाज कसे ओळखावेत, या विषयावर बोलायला एका कवीला बोलावलं, याचं तुम्हाला नवल वाटलं असेल. मलाही वाटलं होतं. फोन आला तेव्हा मी म्हटलं, "अहो, माझं शिक्षण बी. ए., तेही मराठी घेऊन. घरात पाना हातात घेतला की बायको तो काढून घेते." पलीकडून उत्तर आलं, "आम्हाला मेकॅनिक नकोय. एकदा फसलेला आणि दुसऱ्यांदा न फसलेला माणूस हवाय." या दोन्ही अटींत मी बसतो. म्हणून आलो.

आधी फसल्याची गोष्ट. 2006 साल. माझ्या अब्बांना दर महिन्याला मिरजेहून कोल्हापूरला डॉक्टरांकडे न्यावं लागे. मिरजेत इतके दवाखाने असताना कोल्हापूरला का, असं विचारू नका. त्यांना त्याच डॉक्टरांचा गुण यायचा. गुडघ्यांमुळे एसटीत चढणं जमेना. मग मी पतपेढीचं कर्ज काढलं आणि 65 हजार रुपयांना 1997 सालची मारुती 800 घेतली. दलाल मोठा गोड बोलणारा होता. मी पोचलो तेव्हा गाडी पुसून, इंजिन चालू करून तयारच ठेवली होती. आत बसलो. त्यानं विचारलं, "साहेब, आपण काय करता?" म्हटलं, "कविता लिहितो." त्यानं लगेच टेपवर गझल लावली. चांगली मोठ्यानं. पुढची 20 मिनिटं मी गाडी चालवत होतो आणि गझलेचे काफिये मोजत होतो.

बाविसाव्या दिवशी, हातकणंगल्याच्या अलीकडे, बॉनेटखालून कुणी हातोडा मारल्यासारखे ठोके आले आणि इंजिन बसलं. अब्बांना मी रस्त्याकडेच्या मोरीवर बसवलं. ऊन रणरणत होतं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शेर में एक मात्रा गिरी तो तेरेकू नींद नै आती. इत्ता बडा ठोका कैसा नै सुनाई दिया रे?"

त्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा माझ्याजवळ नव्हतं. गाडी ओढून मिरजेला आणली. आमच्या उस्तादांनी इंजिन खोललं. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग झिजून गेलं होतं आणि त्यानं क्रँकही खाल्ला होता. उस्ताद म्हणाले, "शायर, हे काही काल झालेलं नाही. तुम्ही गाडी घेतलीत त्या दिवशीही हे इंजिन ओरडत होतं. फक्त तुम्हाला दुसरंच काहीतरी ऐकवलं गेलं." इंजिनाच्या दुरुस्तीला गाडीच्या किमतीच्या निम्म्याच्या वर पैसे गेले. कर्जाचे हप्ते चालूच होते.

त्यानंतर कितीतरी रविवार मी उस्तादांच्या गॅरेजात स्टुलावर बसून काढले. मिरज हे सतार-तंबोऱ्यांचं गाव. इथं तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकवून तंबोऱ्याची जवारी लावणारे कारागीर आहेत. त्यांनाही आम्ही उस्ताद म्हणतो आणि इंजिनाला कान लावणाऱ्यालाही उस्तादच म्हणतो. दोघांचं काम तसं एकच, नादातला बिघाड ओळखण्याचं. आज मी जे सांगणार आहे ते या दुसऱ्या उस्तादांकडून शिकलेलं आहे.

त्यांचा पहिला धडा असा. आवाज कसला आहे हे नंतर विचारा. आधी विचारा, तो कशाबरोबर वाढतो आणि कशाबरोबर थांबतो. गाडीतला जवळजवळ प्रत्येक आवाज पाचांपैकी एका गोष्टीला बांधलेला असतो. इंजिनाच्या फेऱ्यांना, चाकाच्या फेऱ्यांना, स्टिअरिंगला, क्लच-ब्रेकच्या पेडलला किंवा रस्त्यातल्या खड्ड्याला. ही गाठ सापडली की निम्मा रोग सापडला. गाडी उभी असताना गिअर न्यूट्रलला ठेवून अॅक्सिलरेटर दाबला आणि आवाज वाढला, तर तो इंजिनाच्या बाजूचा. रिकाम्या सरळ रस्त्यावर 50च्या वेगात क्षणभर न्यूट्रल केलं, इंजिन शांत झालं, तरी आवाज वेगाबरोबर चालूच राहिला, तर तो चाकांच्या बाजूचा. एक ताकीद मात्र पक्की लक्षात ठेवा. चालत्या गाडीत चावी कधीही बंद करायची नाही. ब्रेकला इंजिनाची मदत असते, ती जाते. स्टिअरिंग जड होतं आणि चावी पूर्ण फिरली तर ते लॉकही होऊ शकतं.

दुसरा धडा, इंजिन थंड असताना जा. झिजलेल्या इंजिनाचं दुखणं पहाटे जास्त बोलतं, संधिवातासारखं. रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनातलं तेल खाली उतरलेलं असतं, धातू आक्रसलेला असतो, भागाभागांमधली फट मोठी असते. त्यामुळे सुरू केल्यानंतरचं पहिलं अर्धं मिनिट लाखमोलाचं. विकणाऱ्याला हे ठाऊक असतं, म्हणूनच तो गाडी "तयार" ठेवतो. गेल्याबरोबर बॉनेटवर तळहात ठेवा. गरम लागलं तर नम्रपणे सांगा, "उद्या सकाळी सातला येतो. तोवर चालू करू नका."

2024 साली माझ्या भाचीला गाडी घ्यायची होती. ती नर्स आहे. रात्रपाळी संपवून सांगलीहून मिरजेला स्कूटरवरून यायची. पावसाळ्यात एकदा घसरून पडली तेव्हा आपानं, म्हणजे तिच्या आईनं आणि माझ्या थोरल्या बहिणीनं, मला निरोप धाडला, "तिची साठवलेली रक्कम आहे. तुझ्यासारखी फसायला नको." पहिलीच गाडी पाहिली आणि पोरीला रंग आवडला. मी बॉनेटला हात लावला तर चटका बसला. मालकाला सकाळी सातचं सांगितलं. तो कुरकुरला, पण तयार झाला. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनाला चावी दिली आणि पहिल्या दहा सेकंदांत माझ्या अंगावर काटा आला. हातकणंगल्याचाच ठोका होता तो, फक्त लहान वयातला. मी भाचीला म्हटलं, "चल." ती म्हणाली, "मामू, रंग किती छान होता!" म्हटलं, "माझ्याही गाडीचा होता."

इंजिनाचा ठोका ओळखायचा कसा? इंजिनातून येणाऱ्या "टकटक"चे मुख्य प्रकार तीन. पहिली पातळ, वरच्या अंगाची, शिलाई मशीनसारखी टिकटिक. ही बहुधा टॅपेटची. व्हॉल्व्हची फट वाढलेली असते किंवा तेल वर पोचायला उशीर झालेला असतो. काही सेकंदांत थांबली तर चिंता नाही. राहिली तर टॅपेट सेट करावे लागतात, आणि ज्या इंजिनांत ते आपोआप सेट होतात, तिथं तेलाचा दाब पाहावा लागतो. दुसरा पोकळ, डबा वाजवल्यासारखा आवाज. थंड असताना येतो आणि इंजिन तापलं की कमी होतो. तो पिस्टन सिलिंडरच्या भिंतीला आपटत असल्याचा. म्हणजे झीज झाली आहे. तिसरा जड, खोल "ठक्-ठक्". जणू तळघरात कुणी मोगरीनं ठोकतंय. हा तापल्यावरही जात नाही. अॅक्सिलरेटर थोडा दाबून एकदम सोडला की त्या सोडण्याच्या क्षणी तो स्पष्ट ऐकू येतो. हाच रॉडच्या बेअरिंगचा. हा ऐकला की हात जोडून निघायचं. किंमत कितीही पाडून दिली तरी.

लयीवरूनही अंदाज येतो. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीनं फिरतो. त्यामुळे एका टॅपेटची टिकटिक रॉडच्या ठोक्याच्या निम्म्या लयीत चालते. एक ठाय, दुसरी दुगुन. संगीत ऐकणाऱ्या कानाला हा फरक सवयीनं कळू लागतो.

आणखी एक आवाज आहे. चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी ओढताना काचेच्या गोट्या सांडल्यासारखी "किणकिण". याला नॉकिंग म्हणतात. पेट्रोल वेळेआधी किंवा वेड्यावाकड्या रीतीनं पेटतं, त्याचा तो आवाज. कारणं टायमिंग, साठलेला कार्बन, इंजिनाचं जास्त तापणं, हलकं पेट्रोल अशी अनेक. बऱ्याचदा थोडक्यात सुटतं. पण तसंच चालवत राहिलं तर पिस्टन खातं.

डिझेल गाडी पाहत असाल तर मापं बदला. डिझेलची "कटकट" जन्मजात असते. तिथं आवाज आहे का, हे विचारू नका. तो एकसारखा आहे का, हे विचारा. चार ठोक्यांत एक ठोका वेगळा, अडखळता किंवा जास्त कडक असेल तर इंजेक्टर दाखवून घ्या. टर्बोची बारीक शीळ चालते. तिची रुग्णवाहिकेसारखी किंकाळी झाली किंवा आत पत्रा घासल्याचा आवाज आला, तर मोठा खर्च. सीएनजीवर मात्र इंजेक्टरांची बारीक टिकटिक ऐकून घाबरू नका. ती त्यांची चालच आहे. खात्री हवी असेल तर गाडी पेट्रोलवर करा, टिकटिक कमी व्हायला हवी.

इंजिन चालू असतानाच आणखी दोन गोष्टी करा. एसी लावा. त्याच क्षणी "चीं" अशी किंकाळी आली तर पट्टा सैल किंवा जुना झालाय. खर्च थोडा. मग गाडी न्यूट्रलला ठेवून क्लच दाबा आणि सोडा, दोन-तीनदा. क्लच दाबल्यावर "घर्र" सुरू झाली, तर क्लचचं रिलीज बेअरिंग. उलट, क्लच सोडलेला असताना घरघर आहे आणि दाबल्यावर थांबते, तर गिअरबॉक्समधलं बेअरिंग. पेडल एक, पण दाबताना एक रोग बोलतो आणि सोडताना दुसरा. पहिल्यासाठी बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स उतरवावा लागतो. दुसऱ्यासाठी तो उतरवून खोलावाही लागतो.

उस्ताद एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतात. त्याचं टोक इंजिनावर टेकवतात आणि मूठ कानाजवळ लावतात. भाचीनं हे पाहिलं आणि हसून म्हणाली, "मामू, आम्ही छाती ऐकतो तसंच की हे." खरंच आहे. 1816 साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरानं कागदाची गुंडाळी करून रुग्णाच्या छातीला लावली, तिथून स्टेथोस्कोप सुरू झाला. पण हे काम जाणत्यानंच करावं. चालू इंजिनाजवळ ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस, मफलर काहीही नको. पंखा थांबलेला दिसतो आणि न सांगता सुरू होतो.

आता रस्त्यावर या. टेप बंद, एसीचा पंखा बंद, बोलणं बंद. विकणारा शेजारी बसून गाडीचे गुण गाऊ लागला तर सांगा, "पाच मिनिटं गाडीलाच बोलू द्या." काचा आधी बंद, मग उघड्या. एखाद्या लांब कंपाउंडच्या भिंतीशेजारून सावकाश जा. भिंत आवाज परत पाठवते आणि चाकाकडची कुरबुर नीट ऐकू येते.

वेगाबरोबर वाढणारी "घुंईंऽऽ" ऐकली की दोन संशयित असतात, टायर आणि चाकाचं बेअरिंग. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. डांबरीवर एक, सिमेंटच्या रस्त्यावर दुसरा. बेअरिंगला रस्त्याशी देणं-घेणं नाही. मात्र वळणावर ते बदलतं. गाडी उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा घुंई वाढली तर संशय डाव्या बाजूवर, आणि डावीकडे वळताना वाढली तर उजव्या बाजूवर. बेअरिंग बदलणं फार महाग नाही, पण पुढे ढकलण्यासारखंही नाही. अगदी सैल झालं तर चाकाचा जीव धोक्यात, म्हणजे आपलाही.

रिकाम्या मैदानात स्टिअरिंग एका बाजूला शेवटपर्यंत वळवा आणि सावकाश गोल फिरा. मग दुसऱ्या बाजूला. पुढच्या चाकाकडून "कट्-कट्-कट्" अशी माळ ऐकू आली तर ड्राइव्ह शाफ्टचा सांधा गेलाय. बहुधा त्याच्यावरचं रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर पडलेलं असतं. वाकून पाहिलं तर चाकाच्या आतल्या बाजूला काळे शिंतोडे दिसतात. गाडी उभी ठेवून स्टिअरिंग फिरवताना "कड्" असा स्प्रिंग उडाल्याचा आवाज आला, तर शॉकअॅब्सॉर्बरच्या वरचं माउंटिंग पाहायला सांगा. तेलावर चालणारं पॉवर स्टिअरिंग शेवटच्या टोकाला थोडं कण्हतंच. पण मधल्या वळणातही कण्हत असेल तर पंप किंवा त्याचं तेल तपासा. टोकाला ते दोन-चार सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका.

स्पीडब्रेकर आपल्याकडे शोधावे लागत नाहीत. एकावरून अगदी हळू जा. लहानसहान खड्ड्यांवर "खुळखुळ" आली तर लिंक रॉड किंवा बुश. मोठ्या धक्क्याला एकच जड "धप्प" आली तर लोअर आर्म, बॉल जॉइंट किंवा शॉकअॅब्सॉर्बर. बॉल जॉइंट स्वस्त असला तरी त्याला हलकं समजू नका. तो निसटला की चाक दुमडतं.

ब्रेकचं ऐका. बऱ्याच गाड्यांच्या पॅडला एक लहानशी पत्र्याची पट्टी असते. पॅड संपत आलं की ती डिस्कला घासून मुद्दाम किंचाळते. "मला बदला," एवढंच तिचं म्हणणं असतं. पण "खर्रर्र" असा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला तर पॅड संपून डिस्क खाल्ली जातेय. ती गाडी त्या दिवशी पुढे चालवूच नका. पावसाळ्यात सकाळच्या पहिल्या दोन-चार ब्रेकला थोडी घासर येते, ती रात्रीत डिस्कवर धरलेल्या गंजाची. ती जाते.

याच जातीचे आणखी काही आवाज निर्दोष असतात. त्यांच्यामुळे चांगली गाडी सोडू नका. रिव्हर्समधली "ऊंऽऽ" त्या गिअरच्या सरळ दात्यांमुळे येते. चावी फिरवल्यावरची दोन सेकंदांची गुणगुण पेट्रोलच्या पंपाची. इंजिन बंद केल्यावरची "टिक्… टिक्" म्हणजे तापलेला सायलेन्सर निवतोय. आणि उभ्या गाडीखालून येणारी पत्र्याची चिरचिर ऐकून इंजिन गेलं असं वाटतं, पण बऱ्याचदा सायलेन्सरवरचं उष्णतेचं पत्र्याचं कवच सैल झालेलं असतं. एक क्लॅम्प लावला की गप्प. मात्र अॅक्सिलरेटर दाबताना "फट्-फट्" येत असेल, तर धुराची नळी कुठेतरी फुटली आहे. त्याची कीव करू नका. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत आला तर वासही येत नाही आणि माणूस झोपेतच जातो.

आमच्या भागासाठी आणखी एक सांगायला हवं. 26 जुलै 2005ला मुंबईत सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. 2019च्या ऑगस्टमध्ये आमच्या सांगली-कोल्हापुरानं महापूर पाहिला. असं पाणी ओसरल्यावर बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या गावी विकायला निघतात. रंग आणि सीटची कव्हरं नवी असतात. तेव्हा सीट पुढे-मागे सरकवा. रुळात वाळूची "करकर" ऐका. चारही काचा वर-खाली करा, ब्लोअर सगळ्या वेगांवर फिरवा. एकाच गाडीत रूळ करकरतोय, काच अडखळतेय, ब्लोअर घरघरतोय आणि अल्टरनेटरचं बेअरिंग कुरकुरतंय, असं झालं तर तो योगायोग नसतो. कार्पेट उचलून वास घ्या.

आता काही गाड्या जुन्या बाजारात विजेवर चालणाऱ्याही येऊ लागल्या आहेत. तिथं इंजिन नाही, म्हणून आपला कान बेकार झाला असं समजू नका. उलट त्या शांततेत बेअरिंगची आणि सस्पेन्शनची तक्रार अधिक स्पष्ट येते. बॅटरीची तब्येत मात्र कानाला कळत नाही. ती यंत्रावरच तपासून घ्यावी लागते.

काही दोष मुळीच बोलत नाहीत, तेही सांगितलं पाहिजे. इंजिनात टायमिंगची साखळी असेल तर ती सैल झाल्यावर थंडीत सुरुवातीला खळखळते. पट्टा असेल तर तो बहुधा काही न बोलता तुटतो, आणि बऱ्याच इंजिनांत तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात. म्हणून पट्टा कधी बदलला, त्याचं बिल मागा. चावी फिरवल्यावर तेलाचा लाल दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. मुळात लागतच नसेल, तर कुणीतरी त्याचं तोंड बंद केलं आहे. ठोका दाबण्यासाठी इंजिनात नेहमीपेक्षा दाट तेल ओतण्याची युक्तीही जुनी आहे. ते काही दिवस टिकतं. माझं 22 दिवस टिकलं.

एवढं सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, भाग ओळखायचे कसे? नका ओळखू. तुम्ही फक्त आवाज नीट सांगा. या बाबतीत मराठी माणूस भाग्यवान आहे. खडखड, खुळखुळ, घरघर, कुरकुर, करकर, चिरचिर, किणकिण. यातला एकेक शब्द वेगळ्या आवाजाचा आहे आणि तो आपल्याला आईच्या बोलण्यातून फुकट मिळालेला आहे. मेकॅनिकसमोर जाऊन "कसलातरी आवाज येतोय" म्हणू नका. "थंड असताना, डावीकडे वळताना, खुळखुळ येते, ब्रेक दाबला की थांबते," असं सांगा. चाचणीच्या वेळी खिशात कागद ठेवा आणि तीन रकाने करा. कसला आवाज, कधी येतो, कशानं थांबतो. त्या एका कागदावर उस्तादांचा अर्धा तास वाचतो. आणि शेवटचा निर्णय उस्तादांनाच घेऊ द्या. आपला कान त्यांच्यापर्यंत पोचण्यासाठी आहे, त्यांच्याऐवजी नाही.

भाचीची दुसरी गाडी 2014 सालची होती. मालक निवृत्त शिक्षक. सकाळी सातला गेलो तेव्हा बॉनेट दवानं ओलं होतं. इंजिन सुरू झालं, एकसारखं, समेवर येणाऱ्या तबल्यासारखं. पण बाकी गाडीत चार आवाज निघाले. एसी लावला की पट्ट्याची चीं, खड्ड्यात लिंक रॉडची खुळखुळ, पुढच्या डाव्या चाकाची घुंई आणि खाली पत्र्याची चिरचिर. यातले दोन गुरुजींनी आम्ही विचारण्याआधीच सांगितले. भाची हिरमुसली. "मामू, हिच्यात तर चार दोष आहेत. आधीच्या गाडीत एकच होता." मी तिला विचारलं, "तुझ्या वॉर्डात एकाला सर्दी, खोकला, पायाला मोच आणि दाढदुखी आहे. दुसऱ्याला फक्त हृदयाचं एक दुखणं आहे. जास्त आजारी कोण?" ती नर्स आहे. तिला पुढचं सांगावं लागलं नाही.

उस्तादांनी चारही कामांचा खर्च कागदावर मांडला. गुरुजींनी तो पाहिला आणि तेवढे पैसे किमतीतून कमी केले. आठवडाभरात चारही आवाज गेले. आता रात्रपाळी संपवून ती त्याच गाडीतून येते. पाऊस असला की आपा दारात उभी राहते, पण पूर्वीसारखी घाबरून नाही.

म्हणून सांगतो, बिनआवाजाची जुनी गाडी शोधू नका. ती मिळत नाही, आणि मिळालीच तर तिला का गप्प केलंय ते तपासा. शोधायचा असतो तो आवाजाचा धनी. काही आवाज शेकड्यांत मिटतात, काही हजारांत, काही घर विकायला लावतात आणि काही जीव घेतात. कुठला कुठल्या राशीत, एवढं कळलं की सौदा करायला हरकत नाही.

माझी ती मारुती 800 इंजिन दुरुस्त झाल्यावर पुढे सात वर्षं चालली. अब्बांना तिनं कितीतरी वेळा कोल्हापूरला नेलं. ते गेल्यानंतर 2013 साली मी ती विकायला काढली. भाजीचा धंदा करणारा एक तरुण घ्यायला आला, संध्याकाळी. मी त्याला म्हटलं, "बाळा, आत्ता मी बाजारातून आलोय, इंजिन गरम आहे. उद्या सकाळी सातला ये." तो आला. टेप मी काढूनच ठेवला होता. त्याला सांगितलं, "थंड असताना दुसऱ्या गिअरला घाई केलीस तर करकर येते. इंजिन मात्र उघडून केलेलं आहे. हे बिल." तो बिचकला. विकणारा माणूस स्वतःच दोष सांगतोय, हे त्याला नवीन असावं. त्यानं बॉनेट उघडून बराच वेळ ऐकलं, गाडी चालवली, पुन्हा ऐकलं. मग पैसे मोजून दिले. जाताना म्हणाला, "काका, उद्या आणखी एक गाडी बघायला जायचं ठरवलं होतं. आता नाही जात."



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)